तांड्याचा कुत्रा, साहेबाची वही

कुत्र्याला फिरवायला बाहेर पडलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘कुठली ब्रीड?’ उत्तर लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर पुढचा प्रश्न ‘केवढ्याला पडला?’ उत्तर ‘गावठी’ असेल तर बहुतेक वेळा गप्पा तिथेच संपतात. कुत्रा तोच, त्याचे बेचाळीस दातही तेच. फक्त एका शब्दाने त्याची किंमत ठरते, आणि त्याला धरून चालणाऱ्याचीही थोडीफार ठरते.

हा शब्द आला कुठून? कुत्र्याची जात कोण ठरवतं, तिचं नाव कोण ठेवतं?

यवतमाळ जिल्हा हा प्रश्न विचारायला बरी जागा आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा भागात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, तिथे गोरमाटी बोलतात. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या बाजूला गोंड आणि कोलाम आहेत. गोंडीत कुत्र्याला ‘नय’ म्हणतात. तमिळमधल्या ‘नाय’चा तो सख्खा भाऊ. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच प्राण्याला हाक मारणाऱ्या चार भाषा. यातला किती ऐवज ब्रीडच्या पुस्तकांत पोचला, याचा हा हिशोब आहे.

बैलाला शब्द भरपूर, कुत्र्याला मोजके

आधी शरीराकडे बघू. शेतकऱ्याला बैलाचं वर्णन करायला सांगा. वशिंड, गळ्याखालची पोळी, पुठ्ठे, खूर, शेपटीचा गोंडा. रंगात पांढरा, कोसा, तांबडा, बांडा. बाजारात बैल घेताना पैसा लागतो, म्हणून प्रत्येक अवयवाला शब्द आहे. कुत्रा विकत घ्यायची पद्धतच नव्हती. पिल्लू शेजारच्याकडून उचलून आणायचं. त्यामुळे कुत्र्याचे शब्द मोजके राहिले: पंजा, नख, सुळा, कान, शेपूट. नावं रंगावरून किंवा देवावरून: काळ्या, मोत्या, खंड्या, वाघ्या.

तरी जे शब्द आहेत त्यांत निरीक्षण आहे. इंग्रजीत टोकदार दाताला कुत्र्याच्या लॅटिन नावावरून ‘कॅनाइन’ म्हणतात. मराठीने त्याच दाताला ‘सुळा’ म्हटलं, म्हणजे सूळ, टोकदार खुंटा. इंग्रजीने दात कुणाचा ते सांगितलं, मराठीने दात काय करतो ते सांगितलं.

एका ठिकाणी मात्र आपण सगळेच फसतो. कुत्र्याच्या मागच्या पायाचा गुडघा उलटा वाकतो, असं वाटतं. तो गुडघा नसतोच, ती टाच असते. कुत्रा बोटांवर चालतो. आपण चवड्यावर उभे राहिलो की टाच जशी वर उचलली जाते, तशी त्याची कायमची वर असते. खरा गुडघा त्याच्याही वर, पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखा पुढेच वाकतो. शिवाय त्याच्या खांद्याचं हाड छातीच्या सांगाड्याला हाडाने जोडलेलं नसतं, नुसत्या स्नायूंनी बांधलेलं असतं. म्हणून पळताना त्याचा पुढचा पाय इतका लांब पडतो.

नखं मोजणारे

कुत्र्याच्या बाबतीत गावाने एक गोष्ट मात्र काटेकोर मोजली: नखं. ‘वीसनखी कुत्रा’ हा शब्द तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. साधारण कुत्र्याला अठरा नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच (त्यातलं एक जरा वर, आपल्या अंगठ्याच्या जागी), मागच्यांना चार-चार. काही कुत्र्यांना मागच्या पायांवरही ते वरचं नख येतं, की झाली वीस. असा कुत्रा राखणीला पक्का, असं गावात मानतात.

ही मोजणी फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त कुत्र्याच्या लक्षणांवर छोटंसं प्रकरण आहे. त्याच्या मते तीन पायांना पाच-पाच नखं आणि पुढच्या उजव्या पायाला सहा, असा कुत्रा मालकाच्या घरी लवकरच लक्ष्मी आणतो. बेरीज करा: एकवीस. कुत्रीच्या बाबतीत तो सहा नखं डाव्या पायावर मागतो, आणि अशी कुत्री नुसतं घर नाही तर राज्य राखते असं म्हणतो. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात कुत्र्यांच्या शिकारखेळासाठी वेगळं प्रकरण आलं. म्हणजे कुत्र्याची लक्षणं लिहून काढणं ही युरोपातून आलेली गोष्ट नाही.

जादा नखांचा शौर्याशी संबंध नाही. ती जन्मजात ठेवण आहे, अनेकदा तर ती नखं नुसत्या कातडीला लटकलेली असतात. पण हसण्याआधी फ्रान्सकडे बघा. तिथल्या ब्रिआर्ड या मेंढपाळ जातीच्या अधिकृत वर्णनात मागच्या प्रत्येक पायावर दोन-दोन जादा नखं असावी लागतात. नसतील तर प्रदर्शनात कुत्रा बाद. आपल्याकडे त्याच मोजणीला अंधश्रद्धा म्हणतात, तिकडे ब्रीड स्टँडर्ड. लक्षण एकच, फरक कागदाचा.

साइक्सची वही

आता कागदाकडेच येऊ. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ पासून तो मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होता: पिकं, माणसं, हवामान आणि सोबत पशुपक्षी. १८३१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. त्या यादीतल्या कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांपुढे त्याने मराठी नावंही लिहिली.

रानकुत्र्याला त्याने ‘कॅनिस दुखुनेन्सिस’ म्हटलं, म्हणजे दख्खनचा कुत्रा, आणि मराठी नाव दिलं ‘कोळसून’. लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा. खोकडासारख्या छोट्या कोल्ह्याला तर त्याने सरळ मराठी नावच लॅटिनमध्ये बसवलं: ‘कॅनिस कोक्री’.

या नावांचं पुढे काय झालं? ‘कोक्री’ टिकलं नाही. त्या प्राण्याला जॉर्ज शॉने १८०० मध्येच बंगालवरून नाव दिलं होतं आणि विज्ञानात आधीचं नाव जिंकतं. म्हणून आज महाराष्ट्राच्या माळावरचा तो छोटा कोल्हा ‘बेंगालेन्सिस’ आहे. लांडग्याचं ‘पॅलिपेस’ मात्र आजही भारतीय लांडग्याच्या शास्त्रीय नावात आहे. कोळसून कुत्र्यांच्या कुटुंबातून थोडा बाजूला गेला. १८३८ मध्ये ब्रायन हॉजसनने त्याच्यासाठी ‘क्युऑन’ हा वेगळा गट केला. कारण त्याच्या तोंडात आहे. घरच्या कुत्र्याला बेचाळीस दात, कोळसुनाला चाळीस. खालच्या जबड्यातली शेवटची दाढ दोन्ही बाजूंना नसते. मेळघाट-ताडोबाच्या जंगलात कोळसुनांची टोळी सांबराच्या मागे लागते तेव्हा ती कुत्र्यांची टोळी वाटते खरी, पण आपल्या मोत्याशी तिचं नातं लांडग्यापेक्षाही लांबचं आहे.

यात भाषेचीही एक मजा आहे. ‘क्युऑन’ हा ग्रीकमधला कुत्र्यासाठीचा शब्द, आणि तो आपल्या ‘श्वन्’चा, म्हणजे श्वानाचा, चुलतभाऊ आहे. त्याच ‘श्वन्’वरून जुन्या मराठीत कुत्र्याला ‘सुणें’ म्हणत. कोकणीत हा शब्द अजून जिवंत आहे. ‘कोळसून’मधला ‘सून’ त्याच घरातला वाटतो. साइक्सला कोळसून हे नाव सांगणारे शिकारी, गुराखी, वाटाडे कोण होते, ते यादीत नाही. शब्द त्यांचा राहिला, सही साइक्सची.

वूनचे ‘ब्रिंजारी’

यवतमाळ जिल्ह्याचंही असंच झालं. वऱ्हाडात इंग्रजी कारभार आला तेव्हा हा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई, आणि इंग्रजी कागदांत वणीचं झालं ‘वून’. १९०५ मध्ये वऱ्हाडातले जिल्हे नव्याने आखले, पुसद तालुका यात आला आणि वूनचा ‘यवतमाळ’ झाला. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं, तसं गाव कागदावर गेलं.

त्याच कानाने ‘बंजारी’ला ‘ब्रिंजारी’ केलं. आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी शिकारी लेखनात आपल्याला ‘ब्रिंजारी डॉग’ भेटतो. लदेणीवर निघालेल्या तांड्यांसोबतचा उंच, लांब पायांचा, शिकारीला आणि राखणीला दोन्हीला चालणारा कुत्रा.

हा कुत्रा तांड्याला का लागायचा, ते लदेणी समजली की कळतं. बंजारे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. मुघल आणि मराठे, दोघांच्याही फौजांना रसद त्यांनी पुरवली. मुक्काम पडला की गोण्यांची थप्पी रचून तटबंदी करायची, मध्ये माणसं आणि बैल. त्या तटाबाहेर रात्रभर जागं राहणारं कुणी तरी हवं. लांडगे, बिबटे, चोर. दिवसा वाटेत ससा किंवा हरीण दिसलं तर ते धरणारंही हवं. तांड्याचा कुत्रा अशा कामातून घडला. कुणी वंशावळ लिहिली नाही. पण तांडा सतत चालता असल्याने आणि पिल्लं तांड्यातल्या तांड्यात वाढत असल्याने एक ठेवण टिकून राहिली असणार. जात तयार व्हायला आणखी काही लागत नाही: एक काम, एक गट, आणि बाहेरच्यांशी कमी मिसळ.

मग रेल्वे आली. १८६७ मध्ये रुळ वऱ्हाडातून नागपूरला पोचले. कापूस आणि धान्य डब्यांतून जाऊ लागलं, बैलांच्या तांड्यांचं काम गेलं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि भटक्या समाजांकडे बघायची सरकारची नजरच बदलली. बंजाऱ्यांचे काही गटही त्या शिक्क्याखाली आले. वऱ्हाड पोलिसातला अधिकारी कंबरलेज याने बंजाऱ्यांवर लिहिलेलं टिपण १८८२ मध्ये छापलं गेलं. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या मोठ्या ग्रंथात त्याचाच आधार घेतला. त्या ग्रंथात तांड्याचा पवित्र बैल ‘हातडिया’ आहे, गोत्रं आहेत, लग्नविधी आहेत. पोलिसाला आणि जनगणनेच्या साहेबाला ज्याचा उपयोग, ते ते नोंदलं गेलं.

तांडे स्थिरावले. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यात १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक पुढे अकरा वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. माणसांचा इतिहास असा पुढे गेला. कुत्र्याचा मात्र विरघळला. तांडा एका जागी बसला की शेजारच्या गावातले कुत्रे येणारच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. पण धावणाऱ्या कुत्र्याचं उरलंसुरलं काम त्याबरोबर गेलं.

एक कुत्रा, दोन नावं

त्याच घडणीचा कुत्रा दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात टिकला. त्याचं गावातलं नाव ‘कारवान’ किंवा ‘कारवानी’. कारवान म्हणजे तांडाच, फक्त फारसीतून आलेला शब्द. गुळगुळीत अंगाचा तो कारवान. कानाला, पायाला, शेपटीला लांब केस असलेला तो ‘पश्मी’. फारसीत ‘पश्म’ म्हणजे लोकर. पश्मिना शालीतला पश्म तोच.

मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीत लक्ष घातलं. त्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली आणि राजाने त्यांना मुधोळचे हाउंड म्हटलं, अशी गोष्ट सांगितली जाते. तेव्हापासून एका कुत्र्याची दोन नावं झाली. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो ‘कॅरॅव्हॅन हाउंड’, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत ‘मुधोळ हाउंड’. एका नावात तांडा आहे, दुसऱ्यात संस्थान. जिंकलं कोण? २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यावर मुधोळ होता. लष्कराने मेरठच्या केंद्रात तपासायला नेले तेही मुधोळ म्हणूनच. पंतप्रधानांनी २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये घेतलं तेही नाव मुधोळ. संस्थानाला पत्ता असतो, वाडा असतो, पत्रव्यवहार असतो. तांड्याला यातलं काही नसतं.

या कुत्र्याचं शरीर बघितलं तर शब्दांचा आणखी एक घोळ दिसतो. लांब अरुंद तोंड, खोल छाती, आणि पोट एकदम आत ओढलेलं. प्रदर्शनातल्या परीक्षकाला हे पोट म्हणजे सौंदर्य. वेगाने पळणाऱ्या कुत्र्याला तेच हवं. आपल्या बोलीत मात्र ‘पोट पाठीला लागलं’ म्हणजे उपासमार. म्हणून उत्तम कारवान बघून लोक मालकालाच विचारतात, ‘खायला घालत नाही का?’

‘परिया’ नावाचा कुत्रा

आणि ज्याला काहीच नाव मिळालं नाही, तो? गल्लीतला, पिवळट-तांबूस, उभ्या कानांचा, वळलेल्या शेपटीचा? त्याला इंग्रजीने नाव दिलं: ‘परिया डॉग’.

‘परिया’ हा शब्द तमिळ मुलखातल्या परैयर या जातीच्या नावावरून आला. परैयर ही अस्पृश्य मानली गेलेली जात. इंग्रजांनी तिच्या नावाचा अर्थ ‘बहिष्कृत’ असा ताणला आणि तो गल्लीतल्या कुत्र्याला चिकटवला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात हा शब्द नोंदलेला आहे. सोल्जरांच्या तोंडी त्याचं ‘पाय डॉग’ झालं. म्हणजे जिवंत माणसांच्या एका जातीचं नाव कुत्र्याच्या जातीचं नाव झालं, आणि आजही कुत्र्यांच्या जगातल्या याद्यांमध्ये ‘इंडियन परिया डॉग’ असं लिहिलं जातं.

महाराष्ट्रात हे वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. १९२७ मध्ये चवदार तळ्यावर झगडा झाला तो याचसाठी: जिथे जनावरं पाणी पितात तिथे माणसांना मज्जाव का? एकीकडे माणसाला जनावराखाली ढकलणारी व्यवस्था, दुसरीकडे त्याच माणसाचं नाव जनावराला देणारा कोश. आता काही श्वानप्रेमी मुद्दाम ‘इंडी’ किंवा ‘इंडॉग’ म्हणतात, ते बरंच आहे.

शिवाय ‘परिया’ हे वर्णन म्हणूनही खोटं आहे. हा कुत्रा कुठल्या ब्रीडचा बिघडलेला अवतार नाही. जगभर गावांभोवती माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय वाढलेल्या कुत्र्यांची ठेवण साधारण अशीच येते: मध्यम अंग, आखूड केस, तांबूस रंग. आज जिला आपण ब्रीड म्हणतो, त्या बहुतेकांच्या वह्या १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाल्यानंतरच्या आहेत. गावठी कुत्रा त्या वह्यांच्या कितीतरी आधीचा.

आताच्या वह्या

शब्दांची ही लढाई आज कायद्यात चालू आहे. २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांत दोन गट होते, पाळीव आणि रस्त्यावरचे. २०२३ च्या नियमांत रस्त्यावरचे कुत्रे ‘समुदायाचे प्राणी’ झाले. वर्तमानपत्रात ते अजून ‘मोकाट’ किंवा ‘भटके’ असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने आधी सगळ्यांना निवाऱ्यात टाका म्हटलं, मग अकरा दिवसांत आदेश बदलला आणि नसबंदी, लसीकरण करून परत सोडा म्हटलं. रेबीज खरा आहे, चावा खरा आहे, त्यावर लस आणि नसबंदी हाच उपाय आहे. पण ‘मोकाट’ म्हटलं की महापालिकेची गाडी डोळ्यांपुढे येते आणि ‘समुदायाचा’ म्हटलं की जबाबदारी आपल्यावर येते. शब्द निवडताना आपण उपायही निवडत असतो.

कर्नालला पशू अनुवंशिक संसाधनांची राष्ट्रीय संस्था आहे, देशी गाई-म्हशींच्या जातींसोबत ती आता कुत्र्यांच्या जातीही नोंदवते. मुधोळ, राजापालयम, चिप्पीपराई तिथे पोचले. नोंद व्हायला फार अवघड काही लागत नाही: प्रदेश, संख्या, मोजमापं, ठेवणीचं वर्णन आणि त्यांना पाळणारे लोक.

पुसद-दिग्रसच्या एखाद्या तांड्यात उंच पायांचा, आत ओढलेल्या पोटाचा कुत्रा अजूनही दारात बसलेला दिसू शकतो. तो जुन्या ब्रिंजारीचा वंशज आहे की नाही, हे नुसतं बघून सांगता येणार नाही. पण लदेणीच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेली माणसं तांड्यांत आज म्हातारी झाली आहेत. कुत्र्याच्या कानाला, चालीला, रंगाला गोरमाटीत काय म्हणायचे, पिल्लू निवडताना काय बघायचे, नखं मोजायचे का, हे त्यांना आत्ता विचारता येईल. साइक्सकडे दौत आणि टाक होता. तुमच्याकडे फोन आहे. फक्त नोंद करताना सांगणाऱ्याचं नाव, त्याला विचारून, वर लिहा.